दाराच्या आतले घर आणि दाराबाहेरचे घर

पुण्यात कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, कर्वेनगर या भागांत चाळीसेक वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन-चार मजली इमारतींमध्ये विक्रीला निघालेला फ्लॅट पाहायला गेले, की बहुतेक ठिकाणी सारखेच चित्र दिसते. वापरून गुळगुळीत झालेली मोझेकची फरशी, कडप्प्याचा ओटा आणि त्याखालची उघडी मांडणी, न्हाणीघर आणि संडास वेगवेगळे, भिंतीवरून लाकडी पट्टीतून गेलेली वायर आणि छताच्या एका कोपऱ्यात सुटलेले रंगाचे पापुद्रे. त्याच वेळी खोल्या ऐसपैस असतात, खिडकीबाहेर जुने आंब्याचे झाड असते, भाजी, दवाखाना, शाळा सगळे चालत जाण्याच्या अंतरावर असते आणि शेजारच्या नव्या इमारतीतल्या तेवढ्याच घरापेक्षा किंमत बरीच कमी सांगितलेली असते. असे घर घ्यावे की सोडून द्यावे, हा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबाला आयुष्यात बहुधा एकदाच पडतो, आणि त्याचे उत्तर शोधताना आपण नेमके चुकीच्या जागी पाहत बसतो, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

फ्लॅट घेताना आपण दोन घरे एकदम घेत असतो. एक दाराच्या आतले, म्हणजे फरशी, ओटा, नळ, वायरिंग, दारे-खिडक्या. हे सगळे जुनाट असले तरी पैसे आणि तीन-चार महिने दिले की बदलता येते, आणि त्यासाठी सोसायटीला कळवण्यापलीकडे कोणाच्या मनधरण्या कराव्या लागत नाहीत. दुसरे घर दाराबाहेरचे, म्हणजे इमारतीचे खांब आणि तुळया, गच्ची, बाहेरच्या भिंतीवरून उतरणारे पाईप, खालची जमीन, त्या जमिनीची कागदपत्रे आणि सोसायटीचे वीस-पंचवीस सभासद. यातले काहीही एकट्याने बदलता येत नाही. म्हणून आतल्या घराच्या दोषांची किंमत काढावी आणि बाहेरच्या घराच्या दोषांवरून घ्यायचे की नाही ते ठरवावे.

बाहेरच्या घराची सुरुवात सांगाड्यापासून होते. काँक्रीट दगडासारखे दिसले तरी त्याला वय असते. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून तयार झालेला चुना काँक्रीटच्या आत अल्कधर्मी वातावरण राखतो, आणि त्या वातावरणात लोखंडी सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये झिरपत जातो, त्या चुन्याशी संयोग पावतो आणि अल्कधर्मीपणा घटवत नेतो. हा बदल सळईपर्यंत पोहोचला की तिचा संरक्षक थर जातो, आणि मग ओल मिळताच सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला रेटतो. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग पडते, पुढे प्लॅस्टर फुगते आणि शेवटी काँक्रीटचा थर सुटून खाली पडतो. सळईवर काँक्रीटचे आवरण जेमतेम इंच-दीड इंचाचे, स्लॅबमध्ये तर त्याहूनही कमी असते. शिवाय त्या काळात एम १५ प्रतीचे काँक्रीट सर्रास वापरले जाई (आकडा जितका मोठा तितके काँक्रीट मजबूत); आजच्या भारतीय मानकानुसार प्रबलित, म्हणजे सळया घातलेल्या, काँक्रीटसाठी किमान एम २० लागते. कमी प्रतीच्या काँक्रीटमधून हवा आणि पाणी लवकर आत शिरते. हे समजून घेतले, की ओल ही फक्त रंग खराब करणारी गोष्ट राहत नाही आणि तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते.

फ्लॅट पाहायला गेल्यावर म्हणूनच मी आधी जिन्यात आणि पार्किंगमध्ये वेळ घालवतो. फ्लॅटच्या आत विकणाऱ्याने नवा रंग दिलेला असू शकतो, पण पार्किंगमधल्या खांबांना सहसा कोणी सजवत नाही. खांबाच्या कडेने खालून वर जाणारी उभी भेग, तुळईच्या तळाशी सळईच्या समांतर गेलेला तडा, गंजाचे तांबूस ओघळ, सज्जाखाली उघड्या पडलेल्या सळया, या खुणा गंभीर आहेत. याउलट तुळई आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली सरळ आडवी बारीक भेग बहुतेक घरांत असते. दोन वेगळे पदार्थ उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात म्हणून ती पडते आणि तिने घाबरून जाण्याचे कारण नसते. प्लॅस्टरवर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. घट्ट प्लॅस्टर टणक आवाज देते, सुटलेले प्लॅस्टर पोकळ वाजते. शक्य असेल तर घर दोनदा पाहावे आणि त्यातली एक खेप जुलै-ऑगस्टमधल्या भरपावसात करावी, कारण उन्हाळ्यात कोरडी दिसणारी भिंत पावसात खरे बोलते.

ही आपली पाहणी झाली. निदान स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करावे. महाराष्ट्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी, महापालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याकडून करून घेणे सोसायटीवर कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा त्याचा अहवाल सेक्रेटरींकडे निःसंकोच मागावा. त्या अहवालात काँक्रीट न फोडता त्याचा दर्जा मोजणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचण्यांचे आकडे असतात. कधी फिनॉल्फ्थॅलीनच्या चाचणीची नोंदही असते. ही चाचणी एकदा प्रत्यक्ष पाहण्यासारखी आहे: काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घेऊन त्यावर हे द्रावण फवारतात, जिथे अल्कधर्मीपणा शाबूत आहे तिथे ते गडद गुलाबी होते आणि जिथे तो संपला आहे तिथे रंग येतच नाही. ती गुलाबी कड सळईच्या किती अलीकडे किंवा पलीकडे आहे, यावरून इमारतीचे उरलेले आयुष्य अभियंत्याला वाचता येते. अहवालाच्या शेवटी वर्गवारी असते. सी १ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची इमारत. सी २ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी २बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. आणि सी ३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी ३ असेल तर पुढे बोलावे. सी २बी असेल तर दुरुस्तीचा खर्च कोण आणि कधी भरणार, हे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात लिहिलेले पाहूनच बोलावे. सी २ए किंवा सी १ असेल तर कर्ज काढून त्यात पडू नये, असे मला स्पष्टपणे वाटते. ऑडिट झालेलेच नाही असे उत्तर आले, तर काही हजार रुपये देऊन आपला अभियंता नेऊन पाहणी करून घ्यावी. लाखोंच्या व्यवहारात एवढा खर्च वाचवण्यात शहाणपण नाही.

इथेच एक गोष्ट विचारून घ्यावी, जी नूतनीकरणाच्या वेळी फार महत्त्वाची ठरते: इमारत खांब-तुळयांवर उभी आहे की भिंतींवर? खांब-तुळयांच्या सांगाड्यात आतल्या विटांच्या पातळ भिंती फक्त आडोसा करतात आणि अभियंत्याच्या सल्ल्याने काढता येतात. जुन्या लोड-बेअरिंग बांधकामात मात्र नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंतच वरचा स्लॅब तोलून धरते. अशी भिंत बैठक मोठी करण्यासाठी पाडली, तर आपल्या डोक्यावरच्या सर्व मजल्यांचा आधार आपण काढून घेतलेला असतो.

सांगाड्यानंतर पैशाची व्यवस्था. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा दीर्घ मुदतीचा निधी, सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के दरवर्षी गोळा करायचा असतो. बांधकाम खर्च मात्र इमारत झाली त्या सालचा धरला जातो. समजा १९८५ मध्ये तो दीड लाख रुपये होता, तर दोन्ही निधी मिळून सदनिकेमागे वर्षाला दीड हजार रुपये जमतात. वीस सदनिकांचे तीस हजार. एवढ्यात गच्चीचा कोबा उखडून नवे वॉटरप्रूफिंग करणे अशक्य आहे. ज्या सोसायटीने वेळोवेळी ठराव करून यापेक्षा जास्त रक्कम जमवली ती जपलेली सोसायटी, आणि जिथे महिन्याचा मेंटेनन्स अतिशय कमी आहे असे दलाल कौतुकाने सांगतो, तिथे ती थकलेली दुरुस्ती पुढच्या सभासदाच्या वाट्याला येणार असते. मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून पाहावेत.

कागदपत्रांत सर्वात आधी अभिहस्तांतरण पाहावे, म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यानुसार सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांच्या आत बिल्डरने हे करून द्यायचे असते. असंख्य ठिकाणी ते चाळीस वर्षांनंतरही झालेले नाही आणि सात-बारावर किंवा मालमत्ता पत्रकावर मूळ जमीनमालकाचेच नाव आहे. अशा सोसायट्यांसाठी मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने करून दिले नाही तरी ते मिळण्याची, सोय कायद्यात झाली आणि जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ते मिळवता येते. ते नसेल म्हणून घर सोडलेच पाहिजे असे नाही, पण सोसायटीने अर्ज केला आहे का आणि कागद जमवले आहेत का, हे विचारल्यावर मिळणाऱ्या उत्तरावरून त्या कार्यकारिणीचा कारभार कळतो. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटीऐवजी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे भागपत्र नसते, घोषणापत्र आणि डीड ऑफ अपार्टमेंट असते आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा थेट सदनिकाधारकाच्या नावे असतो. दोन्ही प्रकारांत पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतच्या करारनाम्यांची सलग साखळी, प्रत्येक कराराची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला कराराचा सारांश-उतारा), भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा वकिलाकडून तपासून घ्यावा. बंदिस्त केलेली बाल्कनी मंजूर नकाशात खोली म्हणून दिसत नाही, आणि बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस नकाशावरच बोट ठेवतो.

या जुन्या घरांचे विकणारे अनेकदा मूळ मालक नसतात, त्यांची मुले असतात, आणि त्यातले एखादे अमेरिकेत किंवा युरोपात असते. इथे दोन गैरसमज हमखास होतात. नामनिर्देशन झालेली व्यक्ती म्हणजे मालक, हा पहिला. नॉमिनी तात्पुरता विश्वस्तासारखा असतो; मालकी वारसांची असते आणि खरेदीखतावर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात किंवा त्यांनी हक्कसोडपत्र नोंदवून दिलेले लागते. दुसरा गैरसमज कराचा. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का रक्कम कापून आयकर खात्यात भरायची असते, हे आता पुष्कळांना माहीत आहे. पण विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम चालत नाही, कपात बरीच मोठी असते, आणि ती केली नाही तर जबाबदारी घेणाऱ्यावर येते. व्यवहारापूर्वी सनदी लेखापालाला विचारून घेणे अगत्याचे आहे.

मग पुनर्विकास. जुन्या फ्लॅटच्या जाहिरातीत हा शब्द हल्ली किमतीत धरलेला असतो. जुलै २०१९ च्या शासन आदेशानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकासाचा निर्णय होऊ शकतो, त्यामुळे चर्चा पूर्वीपेक्षा लवकर पुढे सरकतात. पण चर्चा, ठराव, विकसकाची निवड, करार, नकाशा मंजुरी आणि प्रत्यक्ष घरे रिकामी करणे या एकेक वेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीवर वर्षे जाऊ शकतात. रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार यांवर किती बांधकाम करता येईल हे ठरते. अरुंद गल्लीतल्या लहान भूखंडाला विकसक मिळेलच असे नाही. घेणाऱ्याने इतकेच पाहावे की सभेच्या इतिवृत्तात कोणत्या पायरीची नोंद आहे. करार झाला असेल तर आतल्या कामावर एक रुपयाही घालवू नये, रंग देऊन राहावे. फक्त तोंडी चर्चा असेल तर पुनर्विकासासाठी जास्तीची किंमत मोजू नये आणि पुढची दहा-बारा वर्षे याच घरात राहायचे आहे असे धरून निर्णय घ्यावा.

आता हिशेब. समजा घराची किंमत ७० लाख ठरली. पुण्यात सध्या मुद्रांक शुल्क सर्व अधिभारांसह ७ टक्के आहे, म्हणजे ४ लाख ९० हजार. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क ३० हजार, दलाली १ टक्का धरली तर ७० हजार, सोसायटीचे हस्तांतर शुल्क कमाल २५ हजार. आतल्या कामाचा अंदाज ९ लाख आला असे धरू, काम चालू असताना चार महिने दुसरीकडे राहण्याचे भाडे १ लाख, आणि भिंत फोडल्यावर निघणाऱ्या अनपेक्षित कामासाठी ९ लाखांवर १५ टक्के, म्हणजे १ लाख ३५ हजार. एकूण ८७ लाख ५० हजार. एवढ्या रकमेच्या कर्जात बँक घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ५६ लाख देते, आणि मुद्रांक शुल्क किंवा दुरुस्ती त्या मूल्यात धरत नाही. पदरचे साडेएकतीस लाख लागतात. बहुतेक जण ७० लाखांतून ५६ वजा करून १४ लाख जमले की टोकन देऊन मोकळे होतात. अडचणीचे मूळ तिथे आहे. घर-सुधारणेचे वेगळे कर्ज मिळते, पण त्याचा हप्ता आधीच्या हप्त्यावर चढतो. इमारत फार जुनी असेल तर बँक तिचे उरलेले आयुष्य पाहून कर्जाची मुदत कमी करते आणि हप्ता तिथेही वाढतो. नव्या घराशी तुलना करायची तर ती या साडेसत्त्याऐंशी लाखांशी करावी.

राहिले दाराच्या आतले घर. इथे क्रमाला फार महत्त्व आहे, आणि ते मी चुकून शिकलो. आमच्या १९८४ सालच्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही हौसेने आधी न्हाणीघराच्या भिंतींना टाईल्स लावल्या आणि आतले जुने जी.आय. पाईप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप, पाणी येते आहे म्हणून तसेच ठेवले. जस्ताचा मुलामा केव्हाच झिजलेला होता. वर्षाच्या आत बैठकीच्या भिंतीला लोणा लागला, आणि नव्या टाईल्स फोडून कापलेला पाईप प्लंबरने हातात दिला तेव्हा त्याच्या आतली अर्ध्या इंचाची वाट गंजाने पेन्सिलही जाणार नाही इतकी बुजलेली होती. म्हणून चाळीस वर्षांच्या घरात भिंतीतले सगळे पाईप बदलायचेच, असे धरून चालावे.

वायरिंगचेही तसेच. ते बसवले तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे, एक फ्रीज आणि क्वचित गीझर होता. आज एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशीन एकाच वेळी चालतात. दिव्यांना १.५, साध्या सॉकेटला २.५ आणि एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जुन्या किटकॅट फ्यूजच्या जागी भार वाढताच आपोआप बंद होणारे एमसीबी, आणि गळणारा विद्युतप्रवाह ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, हे करून घ्यावेच. अर्थिंग इमारतीत धड आहे का हे मीटरच्या खोलीत जाऊन तपासावे आणि मंजूर भार महावितरणकडून वाढवून घ्यावा. ओटा, कपाटे, रंग यांचा नंबर या सगळ्यानंतर. पैसे कमी पडले तर ओटा दोन वर्षांनी करता येतो. भिंतीतले काम पुढे ढकलता येत नाही.

भिंती बंद करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, पाईप आणि वायरच्या नळ्या दिसतील असे, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावेत. पुढे खिळा ठोकताना त्यांचे मोल कळते. सोसायटीला लेखी कळवावे, राडारोडा कुठे टाकायचा हे ठेकेदाराच्या करारात लिहून घ्यावे. आणि न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग झाले, की फरशी बसवण्याच्या आधी नहाणी ट्रॅपचे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीखालच्या मोरीचे, तोंड घट्ट बंद करून तिथे चार बोटे पाणी ४८ तास साठवून ठेवावे. आतल्या गळतीचा खर्च उपविधींनुसार आपल्यावर येतो, आणि आपली फरशी म्हणजे खालच्यांचे छत असते. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन बेल वाजवावी, त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या न्हाणीघरात स्टुलावर उभे राहावे आणि छताला तळहात लावून पाहावा. कोरडा असेल तर गवंड्याला फरशी बसवायला सांगावे.